खडक चढणारी जीप, खड्डे गिळणारी साइड-बाय-साइड

अमेरिकेतल्या युटा राज्यात मोआब नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या लाल खडकांवर गाड्या चढवण्याचे व्हिडिओ आपल्याही मोबाइलवर अधूनमधून येऊन पडतात. त्यांत दोन जातींच्या गाड्या हमखास दिसतात. एक आपल्या ओळखीची, चौकोनी तोंडाची जीप. एक चाक हवेत, तीन खडकाला चिकटलेली, आणि चाल अशी, की शेजारून चालणारा माणूस तिच्या पुढे निघून जावा. दुसरी म्हणजे लोखंडी नळ्यांचा पिंजरा. काचा नाहीत, दोनच सीट, चाकं अंगापासून हातभर बाहेर आलेली. ती खाचखळग्यांच्या वाटेवरून ताशी ऐंशीच्या वेगाने निघून जाते, चाकं वेड्यासारखी वरखाली होतात आणि आत बसलेली माणसं मात्र जवळपास स्थिर असतात.

या दुसऱ्या प्रकाराला तिकडे ‘साइड-बाय-साइड’ म्हणतात. आता गंमत अशी, की चांगली जीप रँग्लर आणि वरच्या दर्जाची साइड-बाय-साइड यांच्या किमती अमेरिकेत एकमेकींना भिडतात. दोन्ही तीस हजार डॉलरच्या घरात किंवा वर. दोन्हींच्या चारही चाकांना जोर मिळतो. मग जीपवाला त्या खळग्यांतून तसा वेग का घेऊ शकत नाही? आणि हीच साइड-बाय-साइड मोठाल्या धोंड्यांच्या वाटेवर तासभर रांगली, की तिच्या मालकाला जळक्या रबराचा वास का येऊ लागतो?

उत्तर इंजिनाच्या ताकदीत नाही. ते आहे चाक गाडीला कसं जोडलंय यात, आणि इंजिनाचा जोर चाकापर्यंत कुठल्या वाटेने जातो यात.

शेतावरून वाळवंटात

साइड-बाय-साइडचं मूळ शेतावरचं. चारा, खतं, अवजारं इकडून तिकडे न्यायला १९८०च्या दशकाच्या अखेरीस कावासाकीने ‘म्यूल’ नावाची छोटी गाडी आणली. आपल्याकडे पर्यटनस्थळी जी चारचाकी एटीव्ही भाड्याने मिळते, तिच्यावर मोटरसायकलसारखी टांग टाकून बसावं लागतं. म्यूलमध्ये दोघांनी शेजारी शेजारी बसायचं, हातात स्टिअरिंग, पायात ब्रेक. पुढे २००३च्या सुमारास यामाहाची ‘ऱ्हायनो’ आली आणि कामाच्या गाडीत मजा करता येते हे लोकांच्या लक्षात आलं. २००७ मध्ये पोलारिसने ‘रेझर’ आणली, ती मजेसाठीच. ८०० सीसीचं इंजिन आणि रुंदी बरोबर ५० इंच. ५०च का? कारण अमेरिकेतल्या सरकारी जंगलांतल्या कित्येक वाटा ५० इंचांपर्यंतच्याच वाहनांना खुल्या असतात.

ती मर्यादा लोकांनी फार दिवस पाळली नाही. आजच्या वेगवान मॉडेलांची रुंदी ६४, ७२, ७४ इंच आहे. रेझरच्या ‘प्रो आर’ला दोन लिटरचं, २२५ अश्वशक्तीचं इंजिन आहे. कॅन-अ‍ॅमची ‘मॅव्हरिक आर’ २४० अश्वशक्तीपर्यंत गेली आहे. रँग्लरच्या नेहमीच्या व्ही-६ इंजिनाची ताकद २८५ अश्वशक्ती, पण ती सुमारे दोन टनांची गाडी ओढते. साइड-बाय-साइडचं वजन याच्या निम्मं, कधी तिसरा हिस्सा.

जीपची वंशावळ आपल्याला ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धातली विलीज, युद्धानंतर शेतकऱ्यांना आणि हौशी लोकांना विकलेली. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात जॉर्जटाउनकडून टाहो सरोवराकडे जाणारी रुबिकॉन ट्रेल नावाची धोंड्यांची वाट आहे, जेमतेम ३५ किलोमीटरची. तिथे १९५३ पासून जीपवाल्यांचा मेळा भरतो. रँग्लरच्या सर्वांत तगड्या मॉडेलला रुबिकॉन हे नाव त्या वाटेवरूनच मिळालं.

सेकंदाला पाच दणके

आधी वेगाचं कोडं सोडवू. समजा, वाटेवर दर तीन मीटरला एक उंचवटा आहे आणि गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे साडेसोळा मीटर, म्हणजे सेकंदाला पाचाहून जास्त उंचवटे. प्रत्येक उंचवट्याला चाकाने वर जायचं आणि पुढचा येण्याआधी खाली जमिनीवर परतायचं. परतलं नाही, तर पुढचा दणका स्प्रिंगला नाही, तुमच्या मणक्याला बसतो.

चाक वेळेत परतायचं असेल तर ते हलकं हवं. इथे चाक म्हणजे नुसतं टायर आणि रिम नव्हे. स्प्रिंगच्या खाली असलेलं, चाकाबरोबर वरखाली होणारं सगळं वजन त्यात धरायचं. जीपची डावी-उजवी चाकं एका जाड पोलादी नळीने एकमेकांना जोडलेली असतात. हा अखंड अ‍ॅक्सल. त्या नळीच्या पोटात दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या डिफरन्शिअलचा लोखंडी गोळा, टोकांना ब्रेक, त्यावर ३३ इंची टायर. सगळं मिळून सहज दीडशे किलोच्या वर जातं. एवढं वजन सेकंदाला पाच वेळा वर फेकायचं आणि खाली आणायचं, हे स्प्रिंगला सहजी झेपत नाही. शिवाय अ‍ॅक्सल अखंड असल्यामुळे डाव्या चाकाचा दणका उजव्यापर्यंत पोचतो.

साइड-बाय-साइडमध्ये प्रत्येक चाक स्वतंत्र टांगलेलं असतं. डिफरन्शिअल वर, सांगाड्याला घट्ट बसवलेलं. ते चाकाबरोबर हलतच नाही. चाकापर्यंत जातात ते फक्त लांब, हलके लोखंडी हात आणि एक बारीक फिरता दांडा. हात लांब असल्यामुळे चाकाला वरखाली व्हायला जागाही भरपूर मिळते. वेगवान मॉडेलांत ही हालचाल वीस इंचांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते. कारखान्यातून आलेल्या रँग्लरला त्याच्या निम्म्यावर समाधान मानावं लागतं. त्यात भर शॉकअ‍ॅबची. ते जाडजूड, तेल थंड ठेवायला बाहेर वेगळी डबी असलेले. शॉकअ‍ॅब दणक्याची ऊर्जा तेलात उष्णता म्हणून जिरवतो. तेल फार तापलं, की तो जिरवणं सोडून देतो. वाळवंटात भरधाव गेलेल्या जीपची पहिली पंधरावीस मिनिटं आरामात आणि उरलेली दात आवळून जातात, त्याचं हे एक कारण.

एवढं वाचून वाटेल, की मग जीपचा अखंड अ‍ॅक्सल म्हणजे जुनाट खोड. मला तसं वाटत नाही. आता धोंड्यांकडे वळू.

कावडीचा न्याय

खांद्यावरची कावड आठवा. एक टोक वर उचललं, की दुसरं आपोआप खाली जातं. दांडा एकच असल्यामुळे तसं होणं भागच आहे. अखंड अ‍ॅक्सल नेमका हाच न्याय पाळतो. डावं चाक धोंड्यावर चढलं, की अ‍ॅक्सल तिरका होतो आणि उजवं चाक खाली, जमिनीकडे दाबलं जातं. म्हणजे ज्या चाकाची पकड सुटायला आली होती, त्याच्यावर भार पडतो. रुबिकॉन मॉडेलमध्ये तर पुढचा अँटिरोल बार, म्हणजे वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजू बांधून ठेवणारा दांडा, एका बटणाने सोडवता येतो. अ‍ॅक्सल आणखी मोकळेपणी तिरका व्हावा एवढ्यासाठीच ही सोय.

स्वतंत्र टांगलेल्या चाकांत हा न्याय नाही. डावं चाक वर गेलं, तर उजव्याला त्याचा पत्ता नसतो. ते स्वतःच्या स्प्रिंगने जेवढं खाली जाईल तेवढंच.

पोटाखालच्या उंचीचंही असंच. कागदावर रुबिकॉनची उंची १०.८ इंच आणि साइड-बाय-साइडची १३ ते १६ इंच. पहिला आकडा डिफरन्शिअलच्या गोळ्याखालचा असतो, आणि तो गोळा चाकांबरोबरच वर चढतो. चाकं धोंड्यावर चढली, की गोळाही चढला. त्या अंतरात फरक पडत नाही. साइड-बाय-साइडची स्प्रिंग दबली, की तिचं अख्खं पोट खाली येतं आणि १४ इंचांचे ९ कधी झाले ते खालच्या पत्र्याचा आवाज आल्यावरच कळतं. तेव्हा दोन जातींच्या गाड्यांचे हे आकडे शेजारी मांडून निकाल लावणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

घसरणाऱ्या चाकाबद्दल थोडक्यात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी चक्रांची रचना म्हणजे डिफरन्शिअल. तिचा दोष असा, की एक चाक हवेत गेलं तर तेच गरागरा फिरतं आणि जमिनीवरचं स्वस्थ बसतं. रुबिकॉनमध्ये दोन्ही अ‍ॅक्सलची डिफरन्शिअल बटण दाबून लॉक होतात, मग दोन्ही चाकं बरोबरीने फिरतात. पोलारिसने सोपा मार्ग काढला. वेगवान रेझरची मागची दोन्ही चाकं कायमच एकत्र फिरतात, आणि मागची घसरू लागली, की पुढचीही आपोआप जोडली जातात. डांबरावर हे टायर झिजवेल. वाळूवर कुणाला कळतही नाही.

स्कूटरचा पट्टा आणि जीपचा गिअर

आता जळक्या रबराचा वास. बहुतेक साइड-बाय-साइडमध्ये इंजिनाचा जोर चाकांकडे नेतो एक रबरी पट्टा. तुमच्या घरी गिअर नसलेली स्कूटर असेल, तर अगदी हीच यंत्रणा तिच्यात आहे. हिला सीव्हीटी म्हणतात. डच अभियंता हुब फान डोर्नेने १९५८ मध्ये डाफ कंपनीच्या चिमुकल्या मोटारीत ती बसवून दाखवली होती.

पुढे-मागे दोन पुल्या, मध्ये पट्टा. प्रत्येक पुली दोन उतरत्या थाळ्यांची. इंजिनाचे फेरे वाढले, की पुढच्या पुलीतली वजनं बाहेर फेकली जातात, थाळ्या जवळ येतात आणि पट्टा त्यांच्या फटीतून वरच्या, मोठ्या वर्तुळावर सरकतो. त्याच वेळी मागच्या पुलीत तो आत, लहान वर्तुळावर उतरतो. गिअर बदलला, पण टप्पे नाहीत, क्लच नाही, चालवणाऱ्याने काही करायचं नाही. इंजिन कायम त्याच्या सर्वांत जोमदार फेऱ्यांवर राहतं. म्हणून तर या गाड्या जागेवरून अशा सुटतात. म्हणूनच त्या सतत किंचाळतातही. २०२१ मध्ये मोआब शहराने आणि तिथल्या ग्रँड काउंटीने आवाजाला मर्यादा घालणारे नियम केले. गल्लीतून दिवसभर जाणाऱ्या या गाड्यांनी रहिवाशांची झोप आणि शांतता दोन्ही नेली होती.

इंजिन रिकामं धडधडत असताना मात्र थाळ्या दूर असतात आणि पट्टा सैल. गाडी हलवायची तर फेरे वाढवायलाच हवेत, तेव्हा कुठे थाळ्या पट्ट्याला चिमटीत धरतात. धोंड्यावर एक वीत सरकायचं असेल तर काय होणार? अ‍ॅक्सिलरेटर दाबा, पट्टा आधी घसरणार, तापणार, मग एकदम पकडणार, आणि गाडी एका वितीऐवजी दोन हात उडी मारणार. चाक खडकाच्या भेगेत अडकलेलं असताना अशी उडी बसली, तर तो बारीक फिरता दांडाच तुटतो. अगदी हळू चालवताना ‘एल’, म्हणजे लो, गिअर टाका असं निर्माते बजावतात ते पट्टा जगावा म्हणून. जाणते चालक सीटखाली एक जादा पट्टा आणि तो बदलायची हत्यारं ठेवूनच निघतात. काही निर्मात्यांनी पट्टा टाळलाही आहे. होंडाच्या ‘टॅलन’मध्ये दातेरी गिअर आहेत, आणि मॅव्हरिक आरमध्येही.

जीपचा मार्ग उलटा. तिच्या मुख्य गिअरबॉक्समागे दुसरी पेटी असते, ट्रान्सफर केस. त्यातला ‘फोर-लो’ टाकला, की रुबिकॉनमध्ये गती आणखी चौपट कमी होते आणि जोर चौपट वाढतो. हातगिअरच्या रुबिकॉनमध्ये पहिला गिअर, फोर-लो आणि अ‍ॅक्सल यांचा एकत्र हिशेब ८४ला १ असा येतो. इंजिनाने ८४ फेरे मारले, की चाक एकदा फिरतं. इंजिन मिनिटाला ७५० फेऱ्यांवर नुसतं धडधडत असेल, तर चाक मिनिटाला नऊ फेरे मारतं. ३३ इंची चाकाचा घेर सुमारे २.६ मीटर. म्हणजे मिनिटाला साडेतेवीस मीटर, ताशी दीड किलोमीटरही नाही. पाय सगळ्या पेडलांवरून काढून घ्या, गाडी आपली चालत राहते. उतारावर हेच गिअर तिला धरून ठेवतात, ब्रेक तापत नाहीत. सुरुवातीला जी जीप माणसाच्या मागे पडत होती, ती मुद्दाम मागे पडत होती.

चौकट : नियमांनी जीपची साइड-बाय-साइड केली

मुंबईत १९४०च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीप जोडायला सुरुवात करणाऱ्या महिंद्राने २०१८ मध्ये जुन्या जीपच्याच घाटाची ‘रॉक्सर’ अमेरिकेत आणली. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, ६२ अश्वशक्ती, पाच गिअर, अखंड अ‍ॅक्सल, पाटे. सगळं जीपचं. जोडणी मिशिगन राज्यात. पण एअरबॅग, धडक चाचण्या आणि धुराचे मोटारींचे नियम यांतून जायचं नव्हतं, म्हणून ती रस्त्यावर न चालणारी साइड-बाय-साइड म्हणून विकली गेली. कमाल वेग ताशी ४५ मैलांवर, म्हणजे ७२ किलोमीटरवर, बांधलेला. किंमत साधारण १५ हजार डॉलर. जीपच्या मालक कंपनीने आपल्या गाडीच्या रूपाची नक्कल केल्याची तक्रार अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे केली. २०२० मध्ये आयोगाने जुन्या रूपातल्या रॉक्सरविरुद्ध निकाल दिला. तोंडवळा बदललेल्या रॉक्सरला त्याच वर्षाअखेर मोकळीक मिळाली.

उलटली तर

रॉक्सरच्या कथेतून एक गोष्ट उघड होते. साइड-बाय-साइड स्वस्तात एवढी चपळ होते, त्यात तिला माफ असलेल्या नियमांचाही वाटा आहे. एअरबॅग नाहीत, मोटारीसारख्या धडक चाचण्या नाहीत. संरक्षण कशाचं, तर पिंजऱ्याचं, पट्ट्यांचं आणि तुमच्या हेल्मेटचं. हलकी, उंच आणि आखूड गाडी वेगात वळली तर कलते. मार्च २००९ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने ऱ्हायनोबद्दल निवेदन काढलं. पन्नासाहून अधिक अपघात तपासले होते, त्यांत ४६ मृत्यू. बहुतेक वेळा गाडी उलटली होती. यामाहाने विक्री थांबवली आणि मागच्या चाकांमधलं अंतर वाढवणारे भाग बसवून द्यायला सुरुवात केली. २०१६ मध्ये पोलारिसने आग लागण्याच्या धोक्यामुळे १ लाख ३३ हजार रेझर परत मागवल्या. तेव्हापासून या गाड्या सुधारल्या आहेत, जाळ्या-दारं आली आहेत, पण त्यांची ताकदही बरीच वाढली आहे.

जीप उलटत नाही असं नाही. पण धोंड्यांच्या वाटेवर ती उलटते तेव्हा तिचा वेग बहुधा चालत्या माणसाएवढा असतो.

रस्त्याचा प्रश्नही याच नियमांतून निघतो. युटात आरसे, इंडिकेटर, हॉर्न लावून साइड-बाय-साइड रस्त्यावर चालवता येते, कॅलिफोर्नियात नाही. मग ती न्यायला ट्रेलर, आणि ट्रेलर ओढायला पिकअप. जीपवाला दिवसभर धोंडे चढून, टायरात हवा भरून, त्याच गाडीने घरी जातो. राष्ट्रीय उद्यानांचा विचार आणखी वेगळा. २०१९ मध्ये युटातल्या उद्यानांचे रस्ते साइड-बाय-साइडना खुले करायचा आदेश निघाला होता. विरोध झाल्यावर तो लागू होण्याआधीच मागे घेतला गेला.

आपल्याकडे काय

मोआबभोवती मैलोन्‌मैल सरकारी माळ आहे आणि त्यावर गाड्यांसाठी आखून दिलेल्या वाटा आहेत. महाराष्ट्रात तसं काही नाही. डोंगर आहेत ते बहुतेक वनखात्याचे किंवा कुणाच्या तरी मालकीचे, सडे आहेत ते पावसाळी फुलांचे. रस्त्यावर नोंद न होणारी गाडी घेऊन माणूस जाणार कुठे? म्हणून साइड-बाय-साइड इथे रिसॉर्टच्या कुंपणातच राहील, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

घाटवाटा, चिखल आणि नदीपात्रं असा आपला मामला असेल, तर फोर-लो असलेली, रस्त्यावर चालणारी गाडीच खरी. मारुतीच्या जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल आहेत, म्हणजे ती कावडीच्या न्यायाने चालते, आणि वजन जेमतेम बाराशे किलो. नाशिकला बनणारी थार आणि पुण्याच्या फोर्सची गुरखा यांनी मधला मार्ग घेतला: पुढची चाकं स्वतंत्र, मागे अखंड अ‍ॅक्सल. त्यामुळे डांबरावर स्टिअरिंग नेमकं राहतं आणि चढावर मागची पकडही. गुरखाची पुढची-मागची दोन्ही डिफरन्शिअल लॉक होतात. या तिघींत मला जिम्नी जवळची वाटते, ती वजनामुळे. चिखलात फसलेली बाराशे किलोची गाडी चार माणसं ढकलू शकतात.

आणि मुलाबाळांकडे अमेरिकेला गेलात, मोआबला जाणं झालं, तर दोन्ही गाड्या तिथे भाड्याने मिळतात. दोन्ही चालवून पाहा. साइड-बाय-साइड घेणार असाल तर २०२३ पासून युटात त्यासाठी एक छोटा ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा करावा लागतो; तो आधीच उरकून ठेवा. हेल्मेट घाला, पट्टे आवळा, दाराची जाळी लावा. आणि गाडी कलतेय असं वाटलं तर हात बाहेर काढून तिला सावरायला जाऊ नका. दोन्ही हात आत, स्टिअरिंगवर किंवा दांड्यावर ठेवा.